रुद्रवीणेचा दीर्घ आलाप आणि ध्वनिमुद्रण

थोर बीनकार, म्हणजे रुद्रवीणावादक, बंदे अली खाँ हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात निवर्तले आणि ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्यात पोहोचले ते १९०२ मध्ये. त्यामुळे खाँसाहेबांचा एकही स्वर आज उपलब्ध नाही. पुढे तबकड्या सर्वत्र पसरल्या, तरी एका बाजूवर तीन-चार मिनिटेच मावत असल्याने, मंद्र सप्तकातून एकेक स्वर उलगडत तासभर चालणारा, तालाविना होणारा ध्रुपद अंगाचा आलाप त्यांत बसणे शक्यच नव्हते.

ही उणीव भरून काढण्याच्या दृष्टीने झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांचे कार्य मोलाचे आहे. उदयपूर दरबारातील झियाउद्दीन खाँ यांचे हे पुत्र मुंबईत चेंबूरला स्थायिक झाले आणि पनवेलजवळील पळस्पे येथे त्यांनी गुरुकुल उभारले. रुद्रवीणेत एका पोकळ दांडीखाली दोन मोठे भोपळे असतात व दांडीवरील पडद्यांवर तार दाबून, किंवा ती आडवी खेचून, स्वर काढला जातो. या खेचण्याने एका स्वरातून दुसऱ्यात अखंड जाण्याला मींड म्हणतात. डागरांनी भोपळे व दांडी मोठी करवून घेतली, जाड तारा लावल्या आणि नखी न वापरता उघड्या बोटांनी छेडण्याची रीत स्वीकारली. यामुळे नाद खोल व दीर्घकाळ टिकणारा झाला, पण त्याची मृदुताही वाढली. मुद्रणात खरी अडचण येते ती इथेच, कारण ध्वनिग्राहक दूर ठेवला तर विरत जाणारी मींड हरवते आणि फार जवळ आणला तर बोटांची घासट नादाइतकीच ठळक होते.

युरोपातही दीर्घ संगीताचा नाद जपण्याचा असाच एक प्रश्न आहे. ड्रेस्डेन दरबाराचे वादक सिल्व्हियस लिओपोल्ड वाइस यांनी (मृत्यू १७५०) तेरा तारगटांच्या व एकूण चोवीस तारांच्या बरोक ल्यूट या तंतुवाद्यासाठी उत्तरायुष्यात रचलेल्या सोनाटा, म्हणजे नृत्यबंधांच्या मालिका, इतक्या दीर्घ आहेत की त्यांतील काही वाजवायला अर्धा तासही अपुरा पडतो. तारेची व पडद्याची खूण देणाऱ्या लिपीत त्या कागदावर टिकल्या, मात्र वाइस यांचा नाद लुप्त झाला. रॉबर्ट बार्टो यांनी नॅक्सॉस या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी अकरा खंडांत केलेले मुद्रण म्हणजे त्या खुणांवरून नाद पुन्हा घडवण्याचा चिकाटीचा प्रयत्न होय. डागरांच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी आहे, कारण त्यांचा आलाप कोणत्याही कागदावर नाही. तो मौखिक तालमीतून शिष्यांकडे व पुत्र बहाउद्दीन डागर यांच्याकडे गेला, आणि त्याचा नाद टिकला तो मुद्रणांत. मणी कौल यांचा ‘ध्रुपद’ हा १९८२ चा चित्रपट झिया मोहिउद्दीन व त्यांचे गायक बंधू झिया फरिदुद्दीन यांच्यावरच आहे, तर १९८६ मध्ये सिअ‍ॅटल येथे मुद्रित झालेला राग यमन झिया मोहिउद्दीन यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. तबकडीने नाकारलेला वेळ या यमनला मिळाला, म्हणूनच त्याचे महत्त्व कोणत्याही लिखित स्वरलिपीहून अधिक मानावे लागते.

आंबेगाव तालुक्यातील शिनोलीसारख्या गावातही असे वादन आता भ्रमणध्वनीवर ऐकता येते, परंतु त्याच्या लहानशा ध्वनिक्षेपकातून खर्जाचा, म्हणजे सर्वांत खालच्या सप्तकाचा, गाभा उमटत नाही. वाचकांनी हा यमन कानाला लावायच्या चांगल्या हेडफोनवर, आलापाच्या आरंभापासून आणि मध्ये न थांबता ऐकावा.