पाय न टेकता : एका मोटारसायकलीची शस्त्रक्रिया

स्मरणिकेसाठी लेख हवा, असा निरोप आला तेव्हा मधुमेहावर किंवा उच्च रक्तदाबावर चार पाने लिहून द्यावीत असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयांवर माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे व्यवसायबंधू आपल्यात पुष्कळ आहेत. गेल्या काही वर्षांत ज्या एका देहावर मी सर्वाधिक प्रयोग केले, तो देह लोखंडाचा आहे. त्याविषयीच लिहितो. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आपल्या सीमाभागाची जमीन ज्यांनी पावसाळ्यात पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको. बसवकल्याण-हुमनाबादकडचा माळ जांभ्या दगडाचा. वरून तांबडा, खडबडीत आणि उन्हाळ्यात निरुपद्रवी. त्या माळावरून खाली उतरले की आळंदपर्यंत काळी माती. मृगाचे दोन पाऊस झाले की ही माती चाकाला अशी लपेटते की चाक आणि मडगार्ड यांच्यात बोट शिरत नाही. पुढे चित्तापूर-शहाबादकडे गेल्यास चुनखडीचे सपाट थर. ज्या शहाबादी फरशीवर आपण सगळे लहानाचे मोठे झालो, ती ओढ्याच्या पात्रात ओली असताना साबणाच्या वडीसारखी असते. डांबरी रस्ता गावापर्यंत येतो, परंतु माणसे गावातच राहतात असे नाही. शेतातल्या वस्त्या, तांडे, राखणीच्या झोपड्या या सर्वांना पाणंद हाच आधार.

२०१९ साली मी हिरो कंपनीची एक्सपल्स २०० ही मोटारसायकल घेतली. पुढचे चाक २१ इंचांचे, मागचे १८ इंचांचे, जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर आणि वजन १५४ किलो. आडरस्त्यावर वेगाने आणि दूरवर जाण्यासाठी जी जात असते, ज्यांना एंड्युरो म्हणतात, त्या जातीची ही चुलत बहीण. माळावर तिने मला अतिशय आनंद दिला.

२०२० च्या श्रावणातली एक पहाट मात्र मी विसरू शकलेलो नाही. वस्तीवर जमिनीवर झोपलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला मण्यार चावली होती. निरोप आणणाऱ्याला चाव्याची खूणसुद्धा दाखवता आली नव्हती. ‘पोटात दुखतंय म्हणतोय आणि डोळे उघडंना झाल्यात,’ एवढेच तो सांगत होता. आपल्यापैकी कोणालाही त्या दोन वाक्यांतून निदान करता येईल. अंबू बॅग पाठीवर टाकून मी निघालो. डांबरी रस्ता सोडल्यावर वस्ती दीड किलोमीटर होती, आणि त्या दीड किलोमीटरला मला पन्नास मिनिटे लागली. गाडी तीन वेळा आडवी झाली. तिसऱ्या वेळी ओढ्यात. चिखलात वेग धरला तर मागचे चाक घसरे, वेग सोडला तर इंजिन गचके देऊन बंद पडे. शेवटी गाडी तिथेच टाकून चालत गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मी त्या मुलाला श्वास देत होतो, परंतु रस्त्याला लागण्यापूर्वीच त्याचे हृदय थांबले. मण्यारीच्या विषात प्रतिविषाइतकाच श्वासाचा आधार महत्त्वाचा, आणि तो वेळेवर मिळाला तर रुग्ण वाचू शकतो, हे आपण सगळेच जाणतो. जाणतो म्हणूनच ती पन्नास मिनिटे माझ्या मनातून जात नाहीत.

दोष गाडीचा नव्हता. ती ज्या कामासाठी घडवली होती ते काम मी तिच्याकडून मागतच नव्हतो. मला वेग नको होता. माणसाच्या चालीने, न थांबता, न पडता जाणारे वाहन हवे होते.

असे वाहन जगात आहे. युरोपात ‘ट्रायल्स’ नावाचा मोटारसायकलींचा एक जुना खेळ आहे. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल १९०९ पासूनची. यात शर्यत नसते. ओढे, खडक, चिखलाचे चढ यांतून आखलेल्या वाटेवरून जायचे आणि जमिनीला पाय लावायचा नाही. एकदा पाय टेकला की दंडाचा एक गुण, दोनदा टेकला की दोन, तीन किंवा त्याहून अधिक वेळा टेकला तरी तीन. आणि पडलात किंवा अडकलात तर पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी. (आपल्या परीक्षांत असे असते तर माझी गुणवत्ता यादीत वर्णी लागली असती.) या खेळासाठीच्या आजच्या गाड्यांचे वजन सत्तर किलोच्या आसपास असते आणि बसायला सीट जवळजवळ नसतेच. स्वार सगळा वेळ उभा.

आपल्या बुलेटचे कूळही याच मैदानातले आहे, हे अनेकांना ठाऊक नसेल. मागे स्विंगआर्म आणि शॉक अॅब्सॉर्बर असलेली बुलेट १९४८ मध्ये इंग्लंडात कोलमोर कप ट्रायलमध्ये प्रथम उतरली. मागचे चाक खालीवर होऊ शकले तर ते जमिनीला धरून राहते, हे तिने पटवून दिले. जॉनी ब्रिटनने रॉयल एनफिल्डवर स्कॉटलंडची ती सहा दिवसांची स्पर्धा १९५२ आणि १९५७ अशी दोनदा जिंकली. आणि बेलफास्टच्या सॅमी मिलरने काय केले? एरियल कंपनीची पाचशे सीसीची जड गाडी घेऊन वर्षानुवर्षे तिचे एकेक अवयव हलके करीत वजन सुमारे ११० किलोवर आणले आणि तिच्यावर असंख्य स्पर्धा जिंकल्या. मिलरची ही हकीकत वाचली त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आमचे मेकॅनिक चाचा बसवकल्याणचे. त्यांच्याकडे माझ्या वडिलांची राजदूतही दुरुस्तीला जात असे. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “डाक्टरसाब, गाडीकू भगाना तो सबकू आता. इसकू चलना सिकाना है बोलो ना.” रोगाचे इतके नेमके वर्णन मला तोवर जमले नव्हते.

प्रथम वजन. मागचा कॅरिअर, लोखंडी गार्ड, पेटीचे आडणे असे सर्व काढले. आडत दुकानातल्या धान्याच्या काट्यावर ते सामान ठेवले तेव्हा नऊ किलो भरले. ट्रायल्सच्या गाडीशी बरोबरी करायची तर आणखी सत्तर-पंच्याहत्तर किलो उतरवायला हवे होते. ते होणे नाही. आमच्या लठ्ठ रुग्णांनाही मी हेच सांगतो की आदर्श वजन विसरा, पुढचे पाच किलो पाहा.

खरा फरक पडला तो दातांनी. पुढची तेरा दातांची चकती काढून बारा दातांची बसवली आणि मागच्या चकतीला तीन दात वाढवून घेतले. त्या मानाने साखळीही लांब झाली. हिशेब साधा आहे: इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडीचा वेग सुमारे एक-सप्तमांशाने घटतो आणि चाकावरचा जोर त्याच प्रमाणात वाढतो. पूर्वी पहिल्या गिअरमध्ये क्लच न दाबता गाडी माणसाच्या भरभर चालीने जाई. आता ती सावकाश चालीने जाते आणि गचका देत नाही. याची किंमत हमरस्त्यावर मोजावी लागते. हुमनाबादहून हैदराबादच्या दिशेने सत्तरच्या वेगाने निघालो की इंजिन कण्हत असते.

त्यानंतर पावलांची जागा. स्वार उभा राहिला की त्याचे सगळे वजन फूटरेस्टवरून, म्हणजे गाडीच्या अगदी खालच्या भागातून, जमिनीकडे जाते. बसलेल्या स्वाराचे वजन सीटवरून जाते आणि गाडी हलली की माणूसही तिच्याबरोबर हलतो. उभ्या स्वाराच्या पायाखाली गाडी डावी-उजवी झुलते, धड मात्र स्थिर राहते. गुडघा आणि घोटा हेच शॉक अॅब्सॉर्बर. चाचांनी रुंद, दातेरी फूटरेस्ट दोन बोटे खाली आणि एक बोट मागे बसवले. हँडल दोन इंच उंचावले, म्हणजे उभे राहिल्यावर कंबरेत वाकावे लागत नाही. माझी जुनी कंबरदुखी या बदलानंतर कमी झाली, हे माझ्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्राला अजून पटलेले नाही.

टायरमधली हवा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित उपाय. ट्रायल्सवाले मागच्या टायरात चार-पाच पौंडच हवा ठेवतात, त्यामुळे रबर दगडाला पंजासारखे धरते. आपल्या ट्यूबच्या टायरात इतके उतरले तर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चेपून फाटते, शिवाय टायर रिमवर फिरून व्हॉल्व्ह उपटला जातो. रिमलॉक बसवून मी पाणंदीवर चौदा पौंडांपर्यंत उतरतो आणि डांबरीवर आल्यावर पायपंपाने पुन्हा भरतो. पंप मारताना धाप लागते, पण तेवढीच स्ट्रेस टेस्ट होते.

एक चूकही सांगितली पाहिजे. पुढचे फोर्क क्लॅम्पमध्ये वर सरकवले की हँडलचा कोन ताठ होतो आणि गाडी चटकन वळते, असे वाचून मी एकदम पंधरा मिलिमीटर सरकवले. चाचा नको म्हणत होते. ओढ्यात गाडी हरणासारखी वळली, परंतु हमरस्त्यावर एका ट्रकच्या मागे हँडल थरथरू लागले आणि देव आठवले. आता पाच मिलिमीटरवर थांबलो आहे. चौकटीला हात लावला नाही, सायलेन्सरलाही नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले आहे. म्हणून वरच्यापैकी जे जे पुन्हा मूळ जागी बसवता येते, त्याचे सर्व सुटे भाग मी जपून ठेवले आहेत. माझे अनुकरण करू इच्छिणाऱ्यांनी आधी हे कलम वाचावे.

गाडी बदलली, तरी स्वार तोच होता. शेताच्या कडेला फुटक्या शहाबादी फरश्या, ट्रॅक्टरचे जुने टायर आणि एक चर अशी वाट मांडली. दर रविवारी पहाटे मी त्यावरून जातो आणि आमचे कंपाउंडर कट्ट्यावर बसून पाय मोजतात. पहिल्या रविवारी त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “सायब, ह्यापेक्षा बीपी मोजणं सोपं.”

२०२२ च्या सप्टेंबरात सोयाबीन काढताना एका शेतकऱ्याला घोणस चावली. पाऊस सुरूच होता, १०८ ची गाडी डांबरीपर्यंत येऊन थांबली होती. नेपाळच्या तराईत झालेला एक अभ्यास मला ठाऊक होता. तिथे गावोगावच्या स्वयंसेवकांनी सर्पदंशाचे रुग्ण मोटारसायकलीवर, चालक आणि आधार देणारा यांच्या मध्ये बसवून, वेगाने रुग्णालयात नेले. सोबत लोकशिक्षणही केले. मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आले, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधात नोंदले आहे. आम्ही त्याचा पाय फळीला बांधून स्थिर केला, करकचून काही आवळले नाही. तो मध्ये, त्याचा पुतण्या मागे, मी पुढे. तिघांच्या वजनाने मागचा शॉक अॅब्सॉर्बर पार तळाला टेकला आणि इंजिनाखालचा पत्रा दगडांवर घासत होता. मला उभे राहता येईना, म्हणजे इतके दिवस कमावलेली विद्या निम्मी वाया गेली. तरी दाते आणि टायरची हवा कामाला आली. ओढ्यात दोनदा पाय टेकला. सव्वा किलोमीटरला अठरा मिनिटे लागली. हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते, रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी सदोष आली, प्रतिविष मिळाले, आणि बाराव्या दिवशी तो घरी गेला.

त्याच आठवड्यात मागची स्प्रिंग बदलून थोडी कडक घेतली. दोन माणसांसाठी मऊ आणि तिघांसाठी कडक अशी स्प्रिंग मिळत नाही, म्हणून एकट्याने जाताना गाडी पूर्वीपेक्षा थोडी उडते. ते चालवून घेतो.

श्रावणातल्या त्या मुलाच्या वस्तीला आता खडीचा पक्का रस्ता झाला आहे. मागच्या पावसाळ्यात मी तिथे कारने गेलो होतो. त्याच्या आईने चहा दिला. बोलणे पावसाचे आणि तुरीचे झाले. पलीकडच्या तांड्याची पाणंद अजून तशीच आहे, तिथे गाडी लागते. गेल्या रविवारी फरश्यांवर माझे सात गुण झाले, त्यातले चार एकाच चरात. चाचांचे म्हणणे आहे की मी चरात उतरताना अजून खाली बघतो.