जुन्या मोटारीची पारख : आधी नळी, मग सेन्सर

धानाच्या बांधीत सायंकाळी भरलेले पाणी सकाळपर्यंत ओसरले, तर जाणता शेतकरी तलावाच्या तुडुमास बोल लावीत नाही. तो प्रथम धुऱ्यातील खेकड्याचे बीळ शोधतो. मोटारीच्या इंजिनाची पारखही याच रीतीने व्हावी, असे आमचे सांगणे आहे.

मारुती ८०० ही गाडी १९८३ मध्ये निघाली व २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आरंभीच्या गाड्यांत कार्ब्युरेटर असे; पुढे पेट्रोलची फवारणी करणारी यंत्रणा आली व तिजबरोबर सेन्सरही आले. आमची अशीच एक जुनी गाडी तुमसरच्या वाटेवर थांबली की बंद पडू लागली. आम्ही न तपासताच एक सेन्सर बदलविला. पैसा गेला, दोष मात्र राहिला. अखेरीस एक रबरी नळी सांध्यापाशी चिरलेली सापडली.

इंजिन मंद चालत असता दट्टे हवा ओढतात, पण वाट जवळजवळ बंद असल्यामुळे आत निर्वात उत्पन्न होतो. चिरेतून जादा हवा शिरली की मिश्रण बिघडते. म्हणून निर्वातमापक लावून पाहावा. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिनात पाऱ्याचे १७ ते २१ इंच दिसतात. दर हजार फूट उंचीस सुमारे एक इंच घटतो. भंडारा हजार फुटांच्या आतच असल्यामुळे येथे इंचभर कमी भरल्यास भिऊ नये. काटा स्थिर पण बराच खाली असेल, तर नळ्या एकेक करून चिमटीत दाबाव्या; जी दाबताच इंजिनाची चाल सुधारते, तिच्याच वाटेवर गळती समजावी. या वेळी हात व दुपट्टा पंख्यापासून दूर असावा.

ब्रेकला निर्वाताचे साहाय्य असेल, तर ही परीक्षा टाळूच नये, कारण येथे जिवाशी गाठ आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबावा, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पायाखालचा ब्रेक किंचित खाली गेला पाहिजे. तो न गेल्यास नळी, एकमार्गी झडप व आतील पडदा तपासून घेतल्यावाचून गाडी रस्त्यावर आणू नये.

एवढे झाल्यावर सेन्सरकडे वळावे. पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर तारेपासून सोडवून ओहममापकाने मोजावा. बहुतेक गाड्यांत २० अंशांवर सुमारे अडीच हजार ओहम व ८० अंशांवर तीनशेच्या आसपास भरतात. आपल्याकडे वैशाखात उभी गाडीही चाळीस अंशांवर असते. तेव्हा आकडा मुळातच उतरलेला दिसेल, त्यास बिघाड म्हणू नये. इंजिन तापत जाता आकडा सावकाश उतरत गेला, तर सेन्सर शाबूत; मध्येच उडी मारली किंवा हललाच नाही, तर मात्र बदलावा.

बीळ बुजविण्यास मूठभर चिखल पुरतो. ते न शोधता तुडूम बदलविणाऱ्यास पाणीही मिळत नाही व पैसाही उरत नाही.