न धावणारे 'रन'

चौकार मारणारा फलंदाज एक पाऊलही न धावता चार 'रन' मिळवतो. इंग्रजीतले 'रन' हे क्रियापदही असेच. धावणे हा त्याचा शाळेत शिकवला जाणारा अर्थ. पण नळ, नाक, यंत्र, दुकान अशा न धावणाऱ्या कितीतरी गोष्टींना ते लागू पडते.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'रिनन' आणि 'इर्नन' अशा दोन रूपांत आढळतो. बोलता बोलता लखनौचे 'नखलौ' व्हावे, तशी ही अदलाबदल! नवव्या शतकात इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या व्हायकिंग लोकांच्या बोलीतला 'रिना' हा शब्दही त्यात मिसळला. याच घराण्यातले दोन शब्द जर्मन भाषेत आहेत. 'रेनन' म्हणजे धावणे आणि 'रिनन' म्हणजे वाहणे. म्हणूनच इंग्रजीत नळ 'रन' होतो, सर्दीत नाक 'रन' होते आणि धुण्यात कपड्याचा कच्चा रंगही!

पुढे यंत्रे आली, रेल्वे आली. जे चालते ते 'रन' आणि जे चालवायचे तेही 'रन'. त्यात हॉटेल आले, संस्था आली, संगणकावरचा प्रोग्रामही आला. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत 'रन' करतो. ब्रिटनमधला मात्र 'स्टँड' करतो, म्हणजे आपल्याकडच्यासारखा उभा राहतो.

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' हे क्रियापद ४३० अर्थांसह आघाडीवर होते. नव्या आवृत्तीसाठी संपादक पीटर गिलिव्हर यांनी 'रन'वर नऊ महिने खर्च केले. २०११ मध्ये आकडा समोर आला : ६४५ अर्थ!

एवढे अर्थ पाठ कसे करायचे, या धास्तीने मराठी माध्यमातली अनेक मुले इंग्रजीला बिचकतात. पण ते पाठ करायचेच नसतात. मैदानावर 'रन आऊट' म्हणजे धावबाद. स्वयंपाकघरात साखर 'रन आऊट' झाली, म्हणजे संपली. अर्थ ठरवतात ते शेजारचे शब्द. म्हणून सुटा शब्द घोकण्यापेक्षा अख्खे वाक्य लक्षात ठेवावे.

मराठी मूल 'लागणे' असेच शिकते. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, दादाला नोकरी लागते. याची यादी त्याला कोणी पाठ करायला लावत नाही; घरात रोज कानांवर पडून ते आपोआप समजते. इंग्रजीलाही तेवढीच सवय हवी. 'रन' अडले, तर तो बुद्धीचा दोष नव्हे!