लांडग्याचा रंग कशाने बदलतो?

श्रोतेहो, झाईपासून तलासरीपर्यंत कोणत्याही पाड्यावर पाहा. एक कुत्रे काळे, दुसरे पांढरे, तिसरे ठिपक्यांचे. या सर्वांचा मूळपुरुष लांडगाच. मग आपल्याकडचा लांडगा तेवढा भुरकट का?

मुलांच्या माइनक्राफ्ट या खेळात लांडगा पाळता येतो. २०२४ साली त्यात लांडग्याचे नऊ प्रकार झाले. जसा प्रदेश तसा रंग, आणि चिडला की डोळे लाल! खऱ्या लांडग्याचे तसे नसते. पिल्लाचे डोळे उघडतात तेव्हा निळसर असतात, पुढे ते पिवळे होतात. गडद लव जाऊन भुरके केस येतात. बाकी रंग मिळतो तो आईबापांकडून. माळावरच्या सुकल्या गवतात भुरका लांडगा चटकन दिसत नाही. माणसाच्या दारी लपण्याची गरज उरली नाही, आणि माणसाने आवडीचे रंग जपले.

हे रंग कधी परत रानातही जातात. अमेरिकेतील लांडग्यांचा काळा रंग कुत्र्यांकडून आला, असे २००९ साली दिसून आले. आपल्या पुणे जिल्ह्यातही वेगळ्याच रंगाचे लांडगे आढळले. त्यांच्यात कुत्र्याचा संकर आहे, हे २०२३ साली प्रसिद्ध झाले.

असा संकर वाढला तर अस्सल लांडगा नावालाच उरेल. कुत्र्यांचे रोगही त्याला लागतात. तेव्हा गावच्या कुत्र्यांना लस टोचून घ्या, त्यांची नसबंदी करवा, मेलेले ढोर उघड्यावर टाकू नका. गुरुजींनी हे शाळेत मुलांना जरूर सांगावे.