जीप उंच झाली, पण आसाचा गोळा तिथेच!
(घरच्या वर्कशॉपमध्ये पाटे बदलणाऱ्या सभासदांसाठी)



या सदरात आम्ही नेहमी लागण, खोडवा, बेणे आणि खतांच्या मात्रा याविषयी लिहितो. या खेपेचा विषय जरा निराळा आहे, पण तोही शेताच्या वाटेवरचाच आहे. आपल्या कार्यक्षेत्रात पुष्कळ वाड्यावस्त्यांवर गोठ्याशेजारी एक छपरी असते. तिथे एखादी जुनी जीप, दोन जॅक, पान्यांचा डबा आणि ग्रीसने काळे झालेले हात दिसतात. गळीत हंगाम संपला आणि पाऊस लागला की तरुण सभासदांचा मोकळा वेळ तिथे जातो. छंद चांगला आहे. पत्त्यांच्या अड्ड्यापेक्षा केव्हाही चांगला. मात्र या छंदात हात पाट्यांपर्यंत पोचला की थोडे सावध व्हावे लागते. मी हे ऐकीव सांगत नाही.

आमच्या गटातील एका तरुण सभासदाकडे वडिलांची जुनी जीप आहे. वडिलांनी त्याच जीपमधून बेणे आणून पहिली ऊस लागण केली होती. ते वारल्यावर गाडी बरीच वर्षे पडून होती. पोराने ती हौसेने उभी केली. इंजिन उतरवले, ब्रेक नवे केले, रंग दिला. मग एके दिवशी मला म्हणाला, "साहेब, गाडी वर उचलली की चिखलात अडकायची न्हाई. पाटे आसाच्या वर घेतो आणि दोन पाटे जादा टाकतो." मोबाईलवर त्याने परदेशातल्या उंच जीपची चित्रे दाखवली. मलाही गंमत वाटली. तीन रविवार मी त्याच्याबरोबर होतो. टेप धरला, जॅक दाबला, चहा प्यालो. 'कशासाठी?' हा एक प्रश्न मात्र मी त्याला विचारला नाही.

जुन्या जीपची रचना अशी, की पाटे आसाच्या खालून जातात. आसावर नव्या बैठका वेल्डिंग करून तेच पाटे वरून घेतले की गाडीचे धूड चार-पाच इंच उचलले जाते. आम्ही तेच केले. छपरीतून गाडी बाहेर आली तेव्हा गावातली पोरे टाळ्या वाजवत होती.

ऑगस्टमध्ये आडसाली लागणीसाठी बेणे न्यायचे होते. मागे मोळ्या रचल्या, मोळ्यांवर लागणीच्या तीन बाया बसल्या आणि पुढे आम्ही दोघे. कालव्याच्या वळणावर एक वासरू आडवे आले. त्याने स्टिअरिंग फिरवले आणि आतल्या बाजूची दोन्ही चाके उचलली गेली. गाडी भरावावरच्या बाभळीला टेकली म्हणून कालव्यात गेली नाही. मोळ्या आणि माणसे बाहेर फेकली गेली. एका बाईचे मनगट मोडले. लागणीच्या ऐन दिवसांत सहा आठवडे तिचा हात गळ्यात होता. त्या दिवसांची मजुरी पोराने चुकती केली, पण ती म्हणाली ते मी विसरलो नाही. "साहेब, तुम्ही संगं होता म्हणून आम्ही बसलो."

आता यात चुकले काय, ते पाहू.

पहिली गोष्ट उंचीची. चिखलाच्या चाकोरीत आधी कोण घासते? गाडीचे धूड नव्हे, तर आसाच्या मधला डिफरन्शियलचा गोळा. हा गोळा आसालाच जोडलेला असतो आणि आसाची उंची चाकाच्या मापावर ठरते. म्हणून पाटे कितीही उंच केले तरी गोळा तसूभरही वर जात नाही. आम्ही तीन रविवार खपलो आणि ज्यासाठी खपलो तेच झाले नाही.

दुसरी गोष्ट तोलाची. उसाची बैलगाडी जास्त उंच रचली की वळणावर कलते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. जीपचेही तसेच आहे. तिच्या डाव्या-उजव्या चाकांतले अंतर सुमारे ४८ इंच, म्हणजे मध्यापासून चाक २४ इंचांवर. वजनाचा मध्य जमिनीपासून समजा २६ इंचांवर आहे. २४ ला २६ ने भागले तर ०.९२ येते. तोच मध्य ४ इंच वर गेला तर २४ भागिले ३०, म्हणजे ०.८०. वळणावर टिकून राहण्याची ताकद जवळजवळ आठव्या हिश्श्याने घटली. त्यावर मोळ्या रचल्या आणि मोळ्यांवर माणसे बसवली. वासराचे निमित्त झाले, गाडी आम्ही आधीच कलती केली होती.

तिसरी गोष्ट ताठरपणाची. स्प्रिंगवर जेवढा भार तेवढी ती दबते, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली मांडला. पाट्यांना तो लागू आहे. ८ पाट्यांत तशाच मापाचे २ वाढवले तर ढोबळ मानाने ताठरपणा सव्वापट होतो. पण जाडीचा हिशेब फार कडक आहे. ६ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटरचा पाटा टाकला, तर तो एक पाटा दुपटीहून अधिक ताठर होतो, कारण इथे जाडीचा घन धरावा लागतो. ताठर पाटा खड्ड्याचा दणका स्वतः घेत नाही. तो चॅसिसला, शॅकलला आणि शेवटी बसणाऱ्याच्या कमरेला देतो. पाटे वाढवले म्हणून आस, ब्रेक आणि टायर यांची ताकद वाढत नाही. गाडी कमी दबते, एवढ्यावरून ती जास्त ओझे पेलते असे समजणे हीच मोठी फसगत आहे.

चौथी गोष्ट, एक हलवले की चार हलतात. धूड वर गेले की स्टिअरिंगचे दांडे तिरपे होतात आणि खड्ड्यात चाक वर-खाली झाले की गाडी आपोआप बाजूला ओढते. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर झिजतात. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो. आमच्या जीपचा पाइप ताठ झालेला मी डोळ्यांनी पाहिला होता आणि 'पुढे बघू' म्हणालो होतो.

मग परदेशात लोक हे करतात ते वेडे आहेत काय? नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्करी जीप सामान्य लोकांच्या हाती आल्या आणि हा छंद फोफावला. कॅलिफोर्नियातील रुबिकॉन नावाच्या खडकाळ वाटेवर १९५३ साली जीपवाल्यांचा पहिला मोठा मेळा भरला. तिथे मोठमोठ्या दगडांवरून गाडी पायी चालण्याच्या वेगाने नेतात आणि उंची वाढवतात ती मोठी चाके बसवण्यासाठी. आपली जीप मात्र डांबरी रस्त्यावर ४०-५० च्या वेगाने, माणसे घेऊन पळते. औषध त्यांचे, दुखणे आपले, असा तो प्रकार झाला.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील मूळ कारखान्याच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी नेमके इथेच बोट ठेवू शकते.

आम्ही जीप पुन्हा मूळ मापावर आणली. त्या कामात जे शिकलो ते खाली देत आहे.

१) गाडी सपाट जागी उभी करून चारही बाजूंची उंची आधी मोजा व लिहून ठेवा. जुनी गाडी एका अंगाला बसली असेल तर ती उचलण्याऐवजी मूळ उंचीवर आणा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

२) नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. भक्कम घोड्या लावा आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा.

३) पाट्यांचा जुडगा ताणलेला असतो. सेंटर बोल्ट काढण्यापूर्वी तो शिकंज्यात घट्ट धरा, नाहीतर पाटा उसळून तोंडावर येतो.

४) पाट्याला वेल्डिंग करू नका. भट्टीत नुसता तापवून बाकही देऊ नका. पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा थोड्या दिवसांत बसतो किंवा तुटतो. बाक द्यायचाच तर पाट्याला पुन्हा रीतसर पाणी देणाऱ्या कारागिराकडे जा.

५) यू-बोल्ट नवे घाला. शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालली की पुन्हा आवळा.

६) दणके बसतात म्हणून लगेच पाटे वाढवू नका. आधी शॅकल, बुश आणि शॉकअप तपासा, ग्रीस भरा. पुष्कळदा दुखणे तिथेच असते.

७) बेण्याच्या मोळ्यांवर माणसे बसवू नका. हे कलम पाट्यांचे नाही, पण सर्वांत महत्त्वाचे आहे.

छंद सोडा असे मी म्हणणार नाही. तो पोरगा आजही रविवारी छपरीत असतो. आता शेजारच्या गाड्यांचे शॅकल बदलून देतो आणि काम हाती घेण्यापूर्वी 'कशासाठी?' असे विचारतो. यंदा बेणे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेले, बाया वेगळ्या वाहनाने गेल्या आणि जीपमध्ये आम्ही दोघे व पाण्याची कळशी एवढेच होतो. मनगट मोडलेली बाई लागणीला आली होती. जीपकडे पाहून म्हणाली, "आता बरी दिसती, बसकी." पण बसली नाही.

तरी ज्या सभासदांनी आपल्या जीपचे वा पिकअपचे पाटे वाढवले असतील, त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी गाडी जाणत्या मेकॅनिककडून तपासून मूळ मापावर आणावी, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी