काळ्या दगडाच्या पोटात



आपल्या सह्याद्रीचा दगड काळा आणि रुक्ष, अशी सर्वांची समजूत आहे. घराचा पाया, देवळाची पायरी, रस्त्याची खडी, यापलीकडे आपण त्याची विचारपूस करीत नाही. परंतु खाणीतल्या माणसाला विचारा. सुरुंगाने एखादा धोंडा दुभंगतो आणि आत पांढऱ्या, हिरव्या स्फटिकांनी मढलेले लहानसे दालनच उघडते. हे दालन आले कोठून?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. रस थिजताना आत कोंडलेल्या वायूचे बुडबुडे पोकळ्या होऊन राहिले. पावाच्या कापात भोके दिसतात तशा. पुढे दीर्घकाळ खडकांतून झिरपणाऱ्या ऊन पाण्याने विरघळलेली द्रव्ये आणून या पोकळ्यांत साठवली. निव्वळ सिलिका साचली तेथे अकीक व गारगोटी झाली. तिच्या जोडीला अॅल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम आणि पाणी आले तेथे झिओलाइट जन्मले. झिओलाइट तापवला की अंगचे पाणी उकळून बाहेर पडते. म्हणून क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली त्याला ग्रीक भाषेतून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव दिले. १८६३ साली पुऱ्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गाच्या खोदाईत असे देखणे नमुने निघाले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट तर आज देशोदेशींच्या संग्रहांत आहे.

छंदी माणसाने दोन जाती ओळखाव्यात. झिओलाइट मऊ व ठिसूळ; बहुतेकांवर पोलादी चाकूचा ओरखडा उठतो. त्यांना पैलू पाडू नयेत, निघाले तसे जपावेत. अकीक चाकूला दाद देत नाही. तो घासावा तसा झळकतो. नमुन्यासोबत गाव, खाण आणि तारीख लिहून ठेवा. ठावठिकाणा हरवलेला नमुना म्हणजे नुसती शोभेची वस्तू.

आता कामगारांत आयुष्य काढलेल्या माणसाने सांगायलाच हवी अशी गोष्ट. अकीक झळकतो तो सिलिकेच्या कठीणपणामुळे. आणि त्याच सिलिकेची बारीक धूळ घासणाऱ्याच्या फुप्फुसात रुतून बसते. गुजरातेत खंबायतला अकीक घासणाऱ्या कित्येक कारागिरांना या धुळीने सिलिकोसिस जडला आहे. हा रोग बरा करणारे औषध नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या यादीत त्याचे नाव होते, परंतु घराच्या ओट्यावर चाक फिरवणाऱ्याला त्या कायद्याचा आधार सहसा मिळत नसे.

म्हणून स्वतः दगड घासाल तर चाकावर पाण्याची धार सोडून घासा. कोरडा कधीही घासू नका. आणि अकीकाची माळ विकत घ्याल तेव्हा भावाबरोबर एवढे विचारा, की ही कोणी घासली, आणि त्याच्या चाकावर पाणी होते काय?