हात हलत नाही, तरी अक्षर उमटते

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका प्रयोगात ६५ वर्षांचे एक गृहस्थ सहभागी झाले होते. २००७ मध्ये मज्जारज्जूला इजा झाली आणि मानेखालची बहुतेक हालचाल गेली. हातात पेन आहे असे मानून ते इंग्रजी अक्षरे गिरवण्याचा प्रयत्न करत. हात जागचा हलत नसे. पडद्यावर मात्र मिनिटाला ९० अक्षरे उमटत. त्या वयाची माणसे मोबाइलवर मिनिटाला साधारण ११५ अक्षरे टाइप करतात!

फ्रँक विलेट, कृष्णा शेणॉय आणि सहकाऱ्यांचे हे संशोधन मे २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. हाताला आदेश देणाऱ्या मेंदूच्या भागावर त्यांनी दोन चिमुकल्या चकत्या बसवल्या होत्या. प्रत्येकीवर सुमारे १०० इलेक्ट्रोड. चेतापेशींचे विद्युतसंकेत ते टिपतात आणि कोणते अक्षर गिरवले जात आहे ते संगणक ओळखतो.

पण लिहिण्याचाच खटाटोप का? त्याआधी रुग्ण मनाने कर्सर सरकवून एकेक अक्षर निवडत. त्यातला विक्रम मिनिटाला सुमारे ४० अक्षरांचा. सरळ रेषेतल्या हालचालींचे संकेत एकमेकांसारखेच दिसतात, त्यामुळे संगणकाचा गोंधळ उडतो. अक्षरांना वळणे असतात, हाताचा वेग आणि दिशा क्षणोक्षणी बदलते, म्हणून ती वेगळी ओळखता येतात. इतकी साधी गोष्ट, पण सुचायला बराच काळ जावा लागला.

याला 'मन वाचणे' म्हणणे म्हणजे अतिशयोक्तीच. यंत्राला कळतो तो स्नायूंना सुटलेला आदेश. मनातले गुपित नव्हे. वाचेचेही तसेच. एएलएस या आजाराने बोलणे अस्पष्ट झालेल्या एका रुग्णाच्या मेंदूत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २५६ इलेक्ट्रोड बसवले. जीभ, ओठ, जबडा हलवण्याच्या प्रयत्नातून शब्द ओळखले गेले, तेही ९७ टक्के अचूक. आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणावरून घडवलेल्या त्याच्याच आवाजात संगणक ते वाचून दाखवी. हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या तंत्राची खरी अडचण आहे ती मेंदूच्या ओल्या, हलत्या ऊतींची. इलेक्ट्रोडभोवती व्रणासारखी ऊती वाढते आणि संकेत क्षीण होऊ शकतात. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या कंपनीने आपल्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूत केसाहून बारीक तारा बसवल्या. काही आठवड्यांतच त्यांतल्या बऱ्याच मागे सरकल्या आणि कंपनीला संकेत वाचण्याची पद्धत बदलावी लागली. उलट, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका अर्धांगवायूग्रस्त महिलेने मनाच्या आदेशाने यांत्रिक हात चालवून कॉफी प्यायली, तेव्हा तिच्या मेंदूतल्या इलेक्ट्रोडना पाच वर्षे उलटून गेली होती. म्हणून अशा यंत्राची पुढची बातमी वाचाल, तेव्हा मिनिटाला किती अक्षरे यापेक्षा ते किती वर्षे टिकले, हे आधी पाहा.